१० सेकंदांत शर्यत मारणारा, गोल राखणारा आणि शेवटी कोळशाच्या खाणीत राबणारा आर्थर व्हार्टन

आज प्रीमियर लीगची कुठलीही मॅच लावा. दोन्ही टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू असणार हे आता गृहीतच आहे. बुकायो साकाच्या नावाची जर्सी तर आपल्याकडच्या टर्फवरसुद्धा दिसते.

पण इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हे दार पहिल्यांदा कुणी ढकललं, असा प्रश्न विचारला तर भल्याभल्या फुटबॉलवेड्यांना उत्तर देता येत नाही. ते नाव आहे आर्थर व्हार्टन.

गडी गोलकीपर होता. पैसे घेऊन व्यावसायिक फुटबॉल खेळणारा जगातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. पण गंमत अशी की गोलकीपिंग हे त्याचं पूर्णवेळ काम कधीच नव्हतं. तो आधी धावपटू होता, मग पब चालवायचा, क्रिकेट खेळायचा आणि शेवटी कोळशाच्या खाणीत राबायचा. या सगळ्याच्या मधल्या वेळात तो गोल राखायचा. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये त्याच्या नावावर सामना किती, तर फक्त एक.

आणि तो मेला तेव्हा त्याच्या कबरीवर साधं नावसुद्धा नव्हतं.

अक्रा ते डार्लिंग्टन

आर्थरचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ चा. गाव जेम्सटाऊन, आजच्या घाना देशाची राजधानी असलेल्या अक्रामधलं. तेव्हा या किनाऱ्याला गोल्ड कोस्ट म्हणायचे आणि तिथे इंग्रजांचा अंमल होता.

घरची परिस्थिती हलाखीची वगैरे अजिबात नव्हती. वडील हेन्री व्हार्टन मेथडिस्ट पंथाचे मिशनरी. ते मूळचे कॅरिबियन बेटांमधल्या ग्रेनाडाचे आणि त्यांच्या अंगात अर्धं स्कॉटिश रक्त. आई अ‍ॅनी फ्लॉरेन्स तिथल्या स्थानिक राजघराण्याशी नातं असलेल्या कुटुंबातली. थोडक्यात गोल्ड कोस्टमधल्या शिकल्या-सवरलेल्या, प्रतिष्ठित घरात हा पोरगा वाढला.

अशा घरातल्या मुलाने काय व्हायचं हेही ठरलेलं होतं. इंग्लंडला जायचं, शिकायचं आणि वडिलांसारखं मिशनरी किंवा शिक्षक होऊन परत यायचं. त्यासाठी १८८२ मध्ये त्याला इंग्लंडला पाठवलं. काही काळ स्टॅफर्डशायरमध्ये काढल्यावर १८८४ मध्ये तो उत्तरेकडच्या डार्लिंग्टन गावातल्या क्लीव्हलँड कॉलेजात दाखल झाला.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १८८४ च्या शेवटी बर्लिनमध्ये युरोपातल्या सत्ता एकत्र बसल्या आणि आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवायला लागल्या. आफ्रिकेतला माणूस बुद्धीने कमी, त्याला शहाणं करायची जबाबदारी आपली, असं इंग्लंडमधली मोठमोठी माणसं उघडपणे मांडत होती. अशा वातावरणात आफ्रिकेतून आलेला एक १९ वर्षांचा मुलगा इंग्लंडच्या गावात धर्मशास्त्र शिकत होता.

पण त्याचं मन पुस्तकात रमेना. तो धावायचा, सायकल चालवायचा, क्रिकेट खेळायचा, फुटबॉल खेळायचा. जो खेळ हातात घेईल त्यात तो बाकीच्यांच्या पुढे असायचा. मिशनरी व्हायचा बेत मागे पडला तो कायमचाच.

ती १० सेकंदं

व्हार्टनचं नाव देशभर झालं ते फुटबॉलमुळे नाही, तर धावण्यामुळे.

३ जुलै १८८६. लंडनमधलं स्टॅम्फर्ड ब्रिज. हे नाव ऐकलं की आज चेल्सी आठवतं, पण चेल्सी क्लब जन्माला यायला अजून १९ वर्षं बाकी होती. तेव्हा हे मैदान अ‍ॅथलेटिक्सचं होतं. तिथे इंग्लंडच्या हौशी अ‍ॅथलेटिक्स संघटनेची, म्हणजे एएएची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती.

१०० यार्डांच्या शर्यतीत व्हार्टन उतरला आणि १० सेकंदांत पार झाला. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. त्याच सरासरी वेगाने १०० मीटरचा हिशोब केला तर वेळ ११ सेकंदांच्या आत येते. तेव्हा ना पायाला जोर देणारे स्टार्टिंग ब्लॉक होते, ना सिंथेटिक ट्रॅक, ना डाएट ठरवणारे कोच. वेळ मोजायला हातातलं घड्याळ. एएएच्या स्पर्धेत १० सेकंदांची वेळ त्याआधी कुणीच दिली नव्हती.

पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये त्याने हे विजेतेपद पुन्हा मारलं. इंग्लंडमधला सगळ्यात वेगवान हौशी धावपटू आता गोल्ड कोस्टचा पोरगा होता.

त्याच्या स्वभावाचेही किस्से पसरायला लागले. हौशी स्पर्धेत रोख बक्षीस द्यायची बंदी होती, म्हणून कप, घड्याळं, घरातल्या वस्तू द्यायचे. एका शर्यतीत आपण पहिले असताना आपल्याला दुसरं बक्षीस दिलं असं व्हार्टनला वाटलं. बक्षीस होतं सॅलड ठेवायचं भांडं. त्याने ते तिथेच फोडलं आणि या तुकड्यांचं नवीन करून घ्या असं आयोजकांना सुनावलं, असं सांगतात.

दुसरा किस्सा त्याहून बोलका आहे. एका शर्यतीआधी दोन स्पर्धक त्याच्या रंगाचा उल्लेख करून याला आपण सहज हरवू, अशा गप्पा मारत होते. ते व्हार्टनच्या कानावर पडलं. त्याने शांतपणे जाऊन विचारलं की धावण्याआधी दोन हात बॉक्सिंगचे करायचे का. दोघांनीही विषय तिथेच सोडला.

फॉरवर्डच्या पायाखाली गोलकीपर

धावणारा पोरगा, तर त्याला फुटबॉलमध्ये पुढे खेळवतील असं कुणालाही वाटेल. पण डार्लिंग्टन क्लबसाठी व्हार्टन गोलमध्ये उभा राहायचा.

त्या काळचा गोलकीपर म्हणजे आजच्यासारखा ग्लोव्हज घालून पेनल्टी बॉक्समध्ये उभा असलेला माणूस नव्हता. त्याची जर्सी बाकीच्या टीमसारखीच असायची. त्याला ठरावीक बॉक्सच्या बाहेर, मैदानात बराच पुढे जाऊनही बॉल हाताने खेळता यायचा. पेनल्टी किक हा प्रकारच नव्हता, ती आली १८९१ मध्ये. गोलच्या मागे जाळीही नव्हती, तीसुद्धा त्याच सुमारास आली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोलकीपरला संरक्षण नव्हतं. समोरचे फॉरवर्ड येऊन त्याला खांद्याने धडक देऊन बॉलसकट गोलमध्ये ढकलू शकायचे. बॉल त्याच्याकडे नसला तरी एकजण त्याला आडवा पाडायचा आणि दुसरा गोल मारायचा. हे सगळं नियमात बसायचं. त्यामुळे गोलकीपर म्हणजे अंगाने दणकट आणि मार खायची तयारी असलेला माणूस असा हिशोब होता.

व्हार्टनने यावर स्वतःचं उत्तर शोधलं होतं. तो गोलच्या मधोमध उभा राहायचाच नाही. एका खांबाजवळ दबा धरून वाकून बसायचा आणि शेवटच्या क्षणी झेप घ्यायचा. १०० यार्ड १० सेकंदांत कापणाऱ्या माणसाची झेप ती, समोरच्याला अंदाजच यायचा नाही. बॉल लांब मारायचा असेल तर तो मुठीने ठोसा मारायचा आणि त्याचा ठोसा सहसा चुकत नसे.

त्याला खेळताना पाहिलेल्या एका प्रेक्षकाने कितीतरी वर्षांनी, १९४२ मध्ये शेफील्डच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून एक आठवण सांगितली होती. व्हार्टनने उडी मारून क्रॉसबार धरला, हवेत लटकत बॉल दोन्ही पायांच्या मध्ये पकडला आणि धावत आलेले तीन फॉरवर्ड तोल जाऊन थेट गोलमध्ये जाऊन पडले. पाहणारा माणूस ते आयुष्यभर विसरला नव्हता.

डार्लिंग्टनची एक मॅच प्रेस्टन नॉर्थ एंडबरोबर झाली आणि प्रेस्टनवाल्यांच्या डोळ्यांत हा गोलकीपर भरला. प्रेस्टन म्हणजे तेव्हाची सगळ्यात तगडी टीम. विल्यम सडेल नावाचा माणूस ती चालवायचा. स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणायचे, त्यांना गावातल्या गिरणीत नोकरी लावून द्यायची आणि वरून पैसेही द्यायचे, हा त्याचा फंडा. १८८४ मध्ये यावरून मोठा राडा झाला, प्रेस्टनला एफए कपमधून बाहेर काढलं गेलं. पण सडेल मागे हटला नाही. शेवटी १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला पगारी खेळाडूंना परवानगी द्यावी लागली. आजच्या अब्जावधींच्या फुटबॉलची सुरुवात तिथे झाली.

१८८६-८७ च्या सीझनमध्ये व्हार्टन या प्रेस्टनचा गोलकीपर झाला. त्या सीझनला टीम एफए कपच्या सेमीफायनलपर्यंत गेली आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ३-१ ने हरली.

त्याला इंग्लंडच्या राष्ट्रीय टीममध्ये घ्यावं अशी चर्चाही सुरू झाली होती. पण बोलावणं कधी आलं नाही.

उलट वर्तमानपत्रांतून वेगळाच सूर लागायला लागला. तो खांबाजवळ वाकून बसतो, क्रॉसबारला लटकतो, म्हणजे तो खेळाकडे गंभीरपणे बघत नाही, असं लिहून आलं. १८८७ मध्ये एका क्रीडा पत्राच्या स्तंभात तर त्याच्या रंगावरून आणि डोक्यावरून टोमणा मारला गेला. गोलकीपिंगमध्ये विदूषकी करणं शहाणपणाचं नाही हे याच्या डोक्यात शिरत नाही, असा त्याचा रोख होता.

गोल वाचला तर नशीब, आणि चुकला तर याला अक्कल नाही. त्याची जी पद्धत प्रेक्षकांना आवडायची, तीच पेपरवाल्यांसाठी त्याच्या विरोधातला पुरावा झाली.

चुकलेली गाडी

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रेस्टनसाठी व्हार्टन हौशी खेळाडू म्हणून खेळत होता. कारण साधं होतं. अ‍ॅथलेटिक्सच्या हौशी संघटनेत पैसे घेणाऱ्याला जागा नव्हती. एका खेळात पगारी ठरलात की दुसऱ्या खेळातलं विजेतेपदही धोक्यात.

हौशी असणं ही त्या काळी श्रीमंतांना परवडणारी गोष्ट होती. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याने मानासाठी खेळावं. व्हार्टनकडे इंग्लंडमध्ये ना नोकरी होती ना घर. शिक्षण अर्धवट सुटलं होतं. हातात होते ते पाय.

१८८८ मध्ये त्याने निर्णय घेतला. प्रेस्टन सोडलं आणि तो शेफील्डमध्ये पगारी धावपटू झाला. शेफील्डमध्ये तेव्हा पैशांच्या शर्यतींचा मोठा बाजार होता. वेगवान माणसाला मागून धावायला लावायचं, हळू धावणाऱ्याला काही यार्ड पुढून सुरुवात द्यायची आणि कोण जिंकणार यावर सट्टा लावायचा. बघायला हजारो माणसं यायची. इंग्लंडचा विजेता धावपटू तिथे आला म्हटल्यावर त्याच्या नावावर गर्दी जमणारच.

निर्णय पैशाच्या हिशोबाने बरोबर होता. पण इतिहासाच्या हिशोबाने गाडी चुकली.

त्याच वर्षी, १८८८ च्या सप्टेंबरमध्ये, १२ क्लब घेऊन जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच सीझनमध्ये प्रेस्टनने २२ पैकी एकही सामना न हरता लीग जिंकली. वर एफए कपही मारला. त्या टीमला लोक अजिंक्य म्हणायला लागले आणि १३० वर्षांनंतरही त्यांचं नाव घेतलं जातं. व्हार्टन थांबला असता तर कदाचित त्या टीममध्ये असता. लीगच्या बहुतेक सामन्यांत प्रेस्टनच्या गोलमध्ये उभा होता जेम्स ट्रेनर.

गोलकीपर आणि पबवाला

आता हौशीपणाचं बंधन राहिलं नव्हतं. १८८९ मध्ये रॉदरहॅम टाऊन क्लबने व्हार्टनला पगारी खेळाडू म्हणून करारबद्ध केलं. ज्या विक्रमासाठी आज त्याचं नाव घेतात, त्याची सुरुवात ही.

रॉदरहॅम म्हणजे लोखंड आणि कोळशाचं कामगारांचं गाव. व्हार्टन तिथे रुळला. १८९० मध्ये एमा लिस्टर या तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. फुटबॉलच्या पगारावर वर्षभर घर चालायचं नाही, म्हणून त्याने पब चालवायला घेतला.

हे तेव्हाच्या खेळाडूंमध्ये सर्रास चालायचं. पब मालकांनाही ते सोयीचं होतं. काउंटरच्या मागे गावाचा गोलकीपर उभा आहे म्हटल्यावर मॅच संपली की लोक तिकडेच वळणार. खेळाडूला डोक्यावर छप्पर आणि जोडीचं उत्पन्न मिळायचं. पण यात एक धोका होता. दिवसभर दारूच्या सान्निध्यात राहायचं आणि गिऱ्हाइकांच्या आग्रहाला नाही म्हणायचं नाही. त्या पिढीतले कितीतरी खेळाडू याच पायरीवर घसरले. व्हार्टनलाही पुढे दारूने ग्रासलं.

उन्हाळ्यात फुटबॉल बंद असायचा. तेव्हा तो स्थानिक क्लबांकडून क्रिकेट खेळायचा आणि जमेल तिथे शर्यतीत धावायचा. वर्षाचे बारा महिने शरीर विकून पोट भरायचं असा हा मामला होता.

१८९३ मध्ये रॉदरहॅम टाऊनला लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये प्रवेश मिळाला. त्यासोबत व्हार्टनही फुटबॉल लीगमध्ये आला. तेव्हा तो २८ च्या घरात होता. चार-पाच वर्षांपूर्वी जी लीग त्याच्या हातून निसटली होती, तिच्यात तो खालच्या पायरीवरून शिरला.

एक सामना

१८९४ मध्ये पहिल्या डिव्हिजनमधल्या शेफील्ड युनायटेडने त्याला घेतलं. व्यवहारात शेफील्डमधला एक पब चालवायला मिळणं हेही होतं.

देशातल्या सगळ्यात मोठ्या डिव्हिजनमध्ये पोहोचला खरा, पण नशीब बघा. त्याच सीझनला शेफील्ड युनायटेडने अजून एक गोलकीपर घेतला होता. विशीतला पोरगा, खाणीत काम करून आलेला, सहा फुटांहून उंच आणि अंगाने अवाढव्य. त्याचं नाव विल्यम फोक. पुढे जाऊन त्याचं वजन सव्वाशे किलोच्याही वर गेलं आणि जाडा फोक म्हणून तो इंग्लंडभर गाजला. फुटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोलकीपरांपैकी एक.

आता फोकसारखा माणूस गोलमध्ये असल्यावर दुसऱ्याला संधी मिळणार कशी? धडक मारून गोलकीपर पाडायचा तो जमाना आणि फोकला पाडायचं म्हणजे भिंतीला धडक मारायची. तिशीला टेकलेला व्हार्टन बाकावर गेला.

त्या सीझनमध्ये त्याला जेमतेम तीन मॅच मिळाल्या. त्यातल्या दोन मैत्रीपूर्ण होत्या, म्हणजे रेकॉर्डमध्ये न धरल्या जाणाऱ्या. लीगची एकच, २३ फेब्रुवारी १८९५ ची, समोर सुंदरलँड. ही सुंदरलँड साधी टीम नव्हती, त्या वर्षीची लीग तिनेच जिंकली. शेफील्ड युनायटेड ती मॅच २-० ने हरली.

पण त्या ९० मिनिटांत एक गोष्ट घडून गेली होती. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पहिल्यांदाच एक कृष्णवर्णीय खेळाडू खेळला होता. तेव्हा याची कुणी नोंद ठेवली नाही. पुढच्या मॅचला फोक परत गोलमध्ये आला आणि व्हार्टनचं पहिल्या डिव्हिजनमधलं करिअर तिथेच संपलं.

उतरण

सीझन संपल्यावर तो रॉदरहॅम टाऊनकडे परतला. पण क्लबचीच अवस्था बिकट होती. १८९६ मध्ये रॉदरहॅम टाऊन लीगमधून बाहेर पडला.

त्याच १८९६ च्या जानेवारीत ब्रिटिश फौज गोल्ड कोस्टमधून आत घुसून असांते राज्याची राजधानी कुमासीवर चालून गेली होती. तिथल्या राजाला पकडून नेलं. इंग्लंडच्या पेपरांमध्ये त्याच्या मोहिमेची वर्णनं छापून येत होती. आणि त्याच किनाऱ्यावर जन्मलेला माणूस यॉर्कशायरमध्ये पुढचा क्लब शोधत होता.

त्यानंतर स्टेलीब्रिज रोव्हर्स, मग अ‍ॅश्टन नॉर्थ एंड, १८९९ मध्ये अ‍ॅश्टनचं दिवाळं निघाल्यावर परत स्टेलीब्रिज. हे मँचेस्टरच्या आसपासचे गिरणगावातले छोटे क्लब. आज आहेत, उद्या नाहीत असे. या काळात वेळ पडली तर तो गोल सोडून मैदानातही खेळायचा, धावण्याचा वेग थोडाफार शिल्लक होता.

शेवटचा थांबा स्टॉकपोर्ट काउंटी. १९०१-०२ च्या सीझनमध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधले मोजके सामने तो खेळला. वय ३६. १९०२ मध्ये त्याने फुटबॉल थांबवला.

लीगमधल्या त्याच्या सगळ्या सामन्यांची बेरीज केली तर एका मोठ्या क्लबच्या आजच्या गोलकीपरचा एखादा सीझन भरेल, एवढीच.

खेळ संपल्यावर

आता प्रश्न होता पोटाचा.

आज खेळाडू निवृत्त झाला की कॉमेंट्री, कोचिंग, जाहिराती असे रस्ते असतात. तेव्हा काहीच नव्हतं. पेन्शन नाही, विमा नाही, जखमी झालात तर घरी बसा. खेळाडूंची पहिली संघटना १८९८ मध्ये उभी राहिली आणि १९०१ मध्ये बंदही पडली. टिकणारी संघटना व्हायला १९०७ उजाडलं. तोवर व्हार्टनचा खेळ संपून पाच वर्षं झाली होती. वरून १९०१ पासून खेळाडूचा पगार आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड अशी मर्यादा घातली गेली होती. व्हार्टन ज्या छोट्या क्लबांत खेळत होता तिथे तेवढेही मिळण्याची शक्यता नव्हती.

त्यात तो कधीच पूर्णवेळ फुटबॉलर नव्हता. धावपटूंनी त्याला सोडून गेलेला मानलं, प्रेस्टन त्याच्याशिवाय मोठा झाला, रॉदरहॅम टाऊन बुडाला, अ‍ॅश्टन बुडाला. आपला जुना माणूस म्हणून त्याची आठवण ठेवणारा एकही क्लब मागे नव्हता.

शेवटी त्याने तेच केलं जे दक्षिण यॉर्कशायरमधला कुठलाही गरीब माणूस करायचा. तो खाणीत गेला. डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टन गावात यॉर्कशायर मेन नावाची मोठी कोळसा खाण होती. तिथे जमिनीखाली कोळशाच्या डब्यांची ने-आण करायचं काम त्याला मिळालं. अंधार, धूळ आणि अंगमेहनत. ज्या माणसाने कधीकाळी लंडनमध्ये टाळ्यांच्या गजरात १० सेकंदांत फीत तोडली होती, तो पन्नाशी उलटल्यावरही डबे ढकलत होता.

शेवटच्या काळात त्याला कॅन्सर झाला. १९३० च्या डिसेंबरमध्ये डॉनकास्टरजवळच्या आरोग्यधामात त्याचा मृत्यू झाला. वय ६५. एडलिंग्टनच्या स्मशानभूमीत त्याला गरिबांसाठीच्या जागेत पुरलं. दगड बसवायला पैसे नव्हते.

नाव कुठे गेलं?

व्हार्टन गेला तेव्हा फुटबॉल हा लाखो लोकांचा खेळ झाला होता. वेम्बली उभं राहून सात वर्षं झाली होती, त्याच वर्षी पहिला वर्ल्ड कप झाला होता. पण त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

विसरण्याची कारणं सरळ आहेत. इतिहास लिहिला जातो तो जिंकलेल्या कपांचा आणि खेळलेल्या सामन्यांचा. व्हार्टनकडे एकही मोठा फुटबॉल कप नव्हता, मोठ्या डिव्हिजनमधला सामना एकच. आणि पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ही गोष्ट महत्त्वाची आहे असं तेव्हाच्या इंग्लंडला वाटतच नव्हतं. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने इंग्लिश फुटबॉलमध्ये आले. त्यांच्यावर स्टेडियममधून केळी फेकली गेली, माकडाचे आवाज काढले गेले. हे लोक आमच्या खेळात नवीन आहेत, उपरे आहेत, असा त्यामागचा समज होता. लीग सुरू झाल्यानंतर पहिल्या काही वर्षांतच असा एक माणूस त्यात खेळून गेला होता, हे ओरडणाऱ्यांनाही माहीत नव्हतं आणि खेळणाऱ्यांनाही.

हा समज मोडायला १९९० चं दशक उजाडलं. शेफील्डमध्ये फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स नावाची संस्था मैदानावरच्या वर्णद्वेषाविरुद्ध काम करत होती. व्हार्टनची कबर निनावी आहे हे कळल्यावर तिने वर्गणी गोळा करायची मोहीम चालवली आणि १९९७ मध्ये एडलिंग्टनच्या त्या जागेवर नाव कोरलेला दगड बसला. मृत्यूला तेव्हा ६६ वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी फिल वासिली या इतिहासकाराचं व्हार्टनवरचं चरित्र आलं. जुने पेपर, क्लबांच्या नोंदी आणि कुटुंबाकडची माहिती जोडत त्यांनी हे आयुष्य परत उभं केलं.

२००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. तेव्हा हे म्युझियम होतं प्रेस्टनमध्ये, प्रेस्टन नॉर्थ एंडच्या मैदानालाच लागून. डार्लिंग्टनमध्ये त्याच्या नावाने संस्था उभी राहिली. तिच्या पाठपुराव्यामुळे २०१४ मध्ये सेंट जॉर्जेस पार्कला त्याचा भलामोठा पुतळा बसला. हवेत झेप घेऊन बॉल अडवणारा गोलकीपर. सेंट जॉर्जेस पार्क म्हणजे इंग्लंडची राष्ट्रीय टीम जिथे सराव करते ती जागा. ज्या टीमने त्याला कधी बोलावलं नाही, तिचे खेळाडू आता त्याच्या पुतळ्याच्या आवारात सरावाला येतात.

पहिला नक्की कोण?

पहिला म्हटलं की वाद आलाच, आणि तो इथेही आहे.

व्हार्टनच्या आधी अँड्र्यू वॉटसन नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. गयानामध्ये जन्मलेला हा बचावपटू १८८१ मध्ये थेट स्कॉटलंडच्या राष्ट्रीय टीमचा कॅप्टन होता आणि त्याच्या टीमने इंग्लंडला ६-१ ने तुडवलं होतं. पण वॉटसन हौशी खेळाडू म्हणून ओळखला जातो. पुढे बूटल क्लबकडून खेळताना त्याला पैसे मिळत होते का, यावर संशोधकांमध्ये चर्चा चालू आहे. तसं सिद्ध झालं तर पहिला व्यावसायिक हा मान वॉटसनकडे जाऊ शकतो.

तरीही फुटबॉल लीगमध्ये आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून व्हार्टनचं नाव कायम राहतं. वॉल्टर टल टॉटनहॅमकडून खेळायला आला तो त्याच्यानंतर, १९०९ मध्ये.

आणि तसं बघितलं तर व्हार्टनची गोष्ट फक्त पहिल्या नंबरची नाहीच. खेळावर पोट भरता येतं हे जेव्हा नुकतंच ठरत होतं, तेव्हा त्यात उडी मारलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. पैसे घेऊन खेळणं म्हणजे कमीपणा असं मानणाऱ्या काळात त्याने पैसे घेतले, कारण त्याला घर चालवायचं होतं. एका खेळाचं पुरत नव्हतं म्हणून तीन खेळ खेळला, तेही पुरत नव्हते म्हणून पब चालवला आणि काहीच उरलं नाही तेव्हा खाणीत उतरला. गोल राखणं हे या सगळ्यातलं एक काम होतं, आठवड्यातले काही तास.

त्या काही तासांसाठीच आज त्याचा पुतळा उभा आहे.